ट्रेसर स्वतःचीच नोंद करत बसला तर? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिनक्सवर ट्रेसिंग (चालू प्रोग्रॅम आणि कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, आत काय करतात त्याची नोंद घेणं) शिकताना जवळपास प्रत्येकाला एकदा तरी हा अनुभव येतो, टूल चालू केलं आणि स्क्रीनवर दुसरं काही नाही, फक्त टूलचंच नाव धावतंय. टीममधली नवीन मुलं-मुली यावर मला जे विचारतात तेच इथे एकत्र केलंय. उदाहरणं जास्त करून बीपीएफट्रेस, एफट्रेस आणि पर्फ या ट्रेसिंग टूल्सची आहेत कारण रोज हातात तीच असतात, पण जिथे दुसऱ्या कोणी हीच गोष्ट जास्त चांगली सोडवलीय तिथे तेही सांगितलंय.

टूलच्या स्वतःच्या चार ओळी जास्त आल्या तर बिघडलं काय?

चार आल्या तर काहीच बिघडत नाही. बिघडतं ते त्या चार छापल्यामुळे आणखी आठ आल्या की. समजा तुम्ही बीपीएफट्रेसला सांगितलं की मशीनवर कुठेही राईट सिसकॉल (प्रोग्रॅमने कर्नलकडे केलेली लिहिण्याची मागणी) झाला की एक ओळ छाप. आता ओळ छापायची म्हणजे त्याला स्वतःला राईट करावं लागणार, तो राईटही पकडला जाणार, त्याची ओळ छापायची तर परत राईट, आणि हे थांबतच नाही. गणपतीच्या मांडवात कोणी माईक घेऊन स्पीकरसमोर गेलं की जी कर्कश शिट्टी वाजते ना, अगदी तसंच, कोणी काही बोललेलं नसतं तरी आवाज चढतच जातो.

यात खरं नुकसान म्हणजे बफर (नोंदी तात्पुरत्या साठवायची जागा) भरतो आणि तुमच्या ॲपचे इव्हेंट गळतात, बीपीएफट्रेस इतके इव्हेंट हरवले असा आकडा देतो पण कोणते हरवले ते त्यालाही माहीत नसतं. आणि शिवाय जे मोजायला बसलात तेच बदलतं, सीपीयू खाल्ला टूलने आणि रिपोर्ट वाचून सगळे म्हणतात सर्व्हर बिझी आहे.

मग कॉम (प्रोसेसचं नाव) != "बीपीएफट्रेस" असा फिल्टर लावला की झालं ना?

नाही झालं, आणि या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: टूलचं "स्वतः" म्हणजे फक्त टूलची प्रोसेस नाही, टूलपासून तुमच्या डोळ्यांपर्यंत जी जी प्रोसेस मध्ये येते ती सगळी त्यात धरायची.

मला हे कळलं ते आधीच्या एका नोकरीत, रात्री अडीचच्या सुमारास. प्रॉडक्शन सर्व्हरवर एसएसएचने (दुरून लॉगिन करून) आत होतो, कॉमचा फिल्टर लावलेला होता, तरी स्क्रीन इतकी वेगात पळत होती की काही वाचता येईना, आणि प्रत्येक ओळीवर नाव होतं एसएसएचडी, म्हणजे एसएसएच कनेक्शन सांभाळणारा सर्व्हरवरचा प्रोग्रॅम. विचार केल्यावर उलगडलं. बीपीएफट्रेसने ओळ छापली ती गेली स्यूडो टर्मिनलमध्ये, तिथून ती एसएसएचडीने उचलली आणि नेटवर्कवर पाठवायला स्वतः एक राईट केला, तो राईट ट्रेसमध्ये आला, त्याची नवीन ओळ छापली गेली, ती पण परत एसएसएचडीकडेच गेली. बीपीएफट्रेसला मी गाळलं होतं पण त्याचं बोलणं माझ्यापर्यंत आणणारा निरोप्या मोकळाच होता. मध्ये टीमक्स (टर्मिनल सेशन चालू ठेवणारं टूल) असेल तर तोही साखळीत येतो, पुढे पाईप लावून ग्रेप किंवा टी जोडलं असेल तर तेही, डेस्कटॉपवर असाल तर टर्मिनलचं ॲप.

नेटवर्कवाल्यांना हे फार आधीपासून माहीत आहे, एसएसएचवरून टीसीपीडम्प (नेटवर्कची पॅकेट पकडणारं टूल) चालवताना एसएसएचचं पोर्ट २२ वगळायचं ही सवय त्यातूनच आली. तशाच कामाचं वायरशार्क तर एसएसएच सेशनमधून चालवलंय हे एन्व्हायर्नमेंटवरून स्वतः ओळखतं आणि ते कनेक्शन वगळणारा कॅप्चर फिल्टर आपणहून सुचवतं.

पण कधी कधी लूप लागतो आणि कधी काहीच होत नाही, असं का?

एका छापलेल्या ओळीमुळे किती नवीन ओळी जन्माला येतात त्यावर सगळं अवलंबून आहे. एकाला एक किंवा जास्त, तर लूप चालूच राहणार. एकाला एकापेक्षा कमी, तर आपोआप विझणार. बीपीएफट्रेस डिफॉल्टने ओळीओळीने बाहेर लिहितो म्हणून एका ओळीला एक राईट आणि वर एसएसएचडीचा वेगळा. तेच आउटपुट बफरिंग फुलवर ठेवलं की अनेक ओळींना मिळून एक राईट होतो, म्हणजे एक नवीन इव्हेंट यायला अनेक जुने लागतात आणि शिट्टी वाजतच नाही. उलट तुम्ही फक्त राईट न पकडता सगळेच सिसकॉल पकडत असाल तर एसएसएचडीचं रीड, पोल, राईट असं सगळंच मोजलं जातं आणि लूप फार पटकन पेटतो.

यातला सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे एक्झेकव्हीई (नवीन प्रोग्रॅम सुरू करणारा सिसकॉल) ट्रेस करायचं आणि प्रत्येक इव्हेंटला बीपीएफट्रेसच्या सिस्टीम फंक्शनने एखादी कमांड चालवायची. ती कमांड चालवायला आधी शेल सुरू होतो, मग कमांड, म्हणजे एका एक्झेकचे दोन झाले, दोनाचे चार. हे प्लीज चुकूनही प्रॉडक्शनवर करू नका, अनसेफ फ्लॅग दिल्याशिवाय ते फंक्शन चालत नाही त्यामागचं एक कारण आता लक्षात आलं असेल.

सगळ्यात भरवशाचा उपाय कोणता?

छापायचंच नाही. म्हणजे प्रत्येक इव्हेंटला ओळ बाहेर पाठवण्यापेक्षा कर्नलच्या आतच मोजणी करा, कोणत्या कॉमने किती राईट केले त्याचा मॅप (नावापुढे आकडा असा तक्ता) ठेवा आणि शेवटी कंट्रोल-सी दाबल्यावर एकदाच छापा. हिस्टोग्राम हवा तर तोही आतच बनतो. मी तर म्हणेन दहातल्या आठ वेळा तुम्हाला ओळी नकोच असतात, आकडाच हवा असतो, ओळी आपण सवयीने मागतो. मॅपमध्ये बीपीएफट्रेसची एक नोंद दिसली तर दिसू दे ना, ती वाढत सुटत नाही.

ओळी हव्याच असतील तर ओ ऑप्शन देऊन फाईलमध्ये लिहा आणि ती फाईल चालू असताना टेलने बघत बसू नका, नाहीतर टेल, टर्मिनल, एसएसएचडी ही साखळी परत जोडलीत. फाईल शक्यतो डेव्ह-एसएचएमसारख्या मेमरीतल्या जागी ठेवा, का ते पुढे येतं.

फिल्टर पीआयडीवर (प्रोसेसच्या नंबरवर) लावू, कॉमवर, की आणखी कशावर?

कॉम सोपं आहे पण कच्चं. नाव जास्तीत जास्त १५ अक्षरांचं असतं, लांब नावं कापली जातात, आणि कुठलीही प्रोसेस पीआरसीटीएल सिसकॉलने स्वतःचं नाव बदलू शकते. पीआयडी नेमका असतो पण एकाच प्रोसेसपुरता, टूलने पोरं (चाइल्ड प्रोसेस) जन्माला घातली तर ती सुटतात.

माझी पसंती सीग्रुपला, म्हणजे कर्नलने एकत्र बांधलेल्या प्रोसेसच्या गटाला. सिस्टीमडी (सर्व्हिस आणि सेशन सांभाळणारा प्रोग्रॅम) असलेल्या मशीनवर तुम्ही एसएसएचने लॉगिन केलं की तुमच्या सेशनचा एक स्कोप बनतो आणि त्यात तुमचा शेल, त्यातून चालवलेलं टूल आणि तुमच्या सेशनचा एसएसएचडी असे सगळे एकत्र बसतात! म्हणजे तो एक सीग्रुप वगळला की टूल आणि निरोप्या दोघंही एका फटक्यात गेले. प्रॉक-सेल्फ-सीग्रुप वाचलं की आपला पाथ मिळतो, तो सिस-एफएस-सीग्रुपच्या पुढे जोडून बीपीएफट्रेसच्या सीग्रुपआयडी फंक्शनला द्यायचा आणि सीग्रुप त्याच्याशी जुळत नसेल तरच पुढे जा म्हणायचं. यासाठी सीग्रुप व्ही२ लागतं. टीमक्स वापरत असाल तर एक गोष्ट तपासा, टीमक्सचा सर्व्हर ज्या सेशनमधून पहिल्यांदा सुरू झाला त्याच्या स्कोपमध्ये राहतो, आजच्या सेशनमध्ये नाही.

स्क्रिप्टमध्ये स्वतःचा पीआयडी बरोबर दिलाय, तरी टूल दिसतंच. का?

दोन नेहमीची कारणं. पहिलं कंटेनर. डॉकरच्या आत शेलला विचारलं तर तो कंटेनरच्या नेमस्पेसमधला (त्याच्या वेगळ्या यादीतला) पीआयडी सांगतो, समजा १७, आणि बीपीएफ प्रोग्रॅमला (बीपीएफट्रेस कर्नलमध्ये चालवतो त्या छोट्या प्रोग्रॅमला) नेहमीच्या हेल्परमधून (कर्नलने दिलेल्या फंक्शनमधून) दिसतो तो होस्टवरचा खरा नंबर, समजा ४८२१३. दोन्ही कधीच जुळणार नाहीत. नेमस्पेसप्रमाणे पीआयडी देणारा वेगळा हेल्पर कर्नल ५.७ पासून आहे, किंवा सरळ होस्टवरचा नंबर शोधून तो द्या.

दुसरं कारण थ्रेड. कर्नल ज्याला पीआयडी म्हणतो तो खरं तर थ्रेडचा नंबर असतो, आपण ज्याला प्रोसेसचा पीआयडी म्हणतो त्याला कर्नल टीजीआयडी म्हणतो. बीपीएफट्रेसमधला पीआयडी हा टीजीआयडीच असतो म्हणून तिथे त्रास नाही, पण एफट्रेसच्या इव्हेंट फिल्टरमधला कॉमन_पीआयडी हा थ्रेडचा असतो. टूलला चार थ्रेड असतील तर एक गाळला आणि तीन राहिले.

एफट्रेस थेट ट्रेसएफएसच्या (कर्नलच्या ट्रेसिंग सेटिंगच्या फोल्डरच्या) फाईलींतून वापरतो, तिथे काय करायचं?

कर्नल ५.७ किंवा नंतरचा असेल तर सेट_इव्हेंट_नोट्रेस_पीआयडी आणि सेट_एफट्रेस_नोट्रेस_पीआयडी अशा दोन फाईली मिळतात, पहिली इव्हेंटसाठी, दुसरी फंक्शन ट्रेसरसाठी. आपल्या शेलचा नंबर त्यात लिहायचा. पोरांनाही तेच लागू व्हावं असं वाटत असेल तर इव्हेंट-फोर्क आणि फंक्शन-फोर्क हे ऑप्शन चालू करा, हे विसरलात तर कॅट ट्रेस_पाईप चालवल्यावर कॅटच दिसत बसतो कारण तो शेलचं पोर आहे, शेल नाही.

उलट बाजूने जाणं मला जास्त आवडतं: काय नको ते सांगण्यापेक्षा काय हवं ते सांगा. छोटा शेल सुरू करा, त्याने स्वतःचा नंबर सेट_इव्हेंट_पीआयडीमध्ये लिहायचा आणि मग एक्झेक करून तुमचा प्रोग्रॅम चालवायचा. एक्झेकमध्ये पीआयडी बदलत नाही त्यामुळे प्रोग्रॅमच्या पहिल्या क्षणापासून फक्त त्याचीच नोंद होते.

आणि हातानेच सगळं करायचा हट्ट नसेल तर ट्रेस-सीएमडी वापरा, तो स्वतःचे थ्रेड डिफॉल्टनेच इव्हेंटमधून गाळतो, ते बघायचेच असतील तर नो-फिल्टर द्यावं लागतं.

पर्फमध्ये काही तयार सोय आहे का?

आहे. पर्फ रेकॉर्डला एक्सक्लूड-पर्फ असा ऑप्शन आहे, तो ट्रेसपॉइंट (कर्नलमध्ये आधीच ठेवलेली नोंदीची जागा) इव्हेंटच्या नंतर लिहायचा, मग पर्फ आपणच कॉमन_पीआयडी माझा नसेल तर असा फिल्टर जोडतो. ऑप्शन इव्हेंटच्या आधी लिहिला तर चालत नाही, इथे बरेच जण अडकतात.

पर्फ ट्रेस आणखी एक पाऊल पुढे गेलाय आणि ते मला मनापासून आवडतं: सगळ्या सिस्टीमचं ट्रेसिंग करताना तो स्वतःला तर गाळतोच, शिवाय आपल्या आईबापांची साखळी वर वर चढत जातो आणि त्यात एसएसएचडी किंवा गनोम टर्मिनल सापडलं तर त्यालाही गाळतो. म्हणजे माझ्या त्या रात्रीचा प्रॉब्लेम ज्यांनी तो कोड लिहिला त्यांनीही भोगला असणार. आणखी कोणी वगळायचं असेल तर फिल्टर-पीआयडीज आहे.

एसट्रेसला हा त्रास का होत नाही?

कारण एसट्रेस (एखाद्या प्रोसेसचे सिसकॉल दाखवणारं टूल) पीट्रेसवर, म्हणजे एका प्रोसेसने दुसरीला धरायच्या कर्नलच्या सोयीवर चालतो आणि ज्याला धरलंय त्याचंच बघतो, स्वतःला धरायला सांगितलं तर नकार देतो. फक्त तुम्ही एसएसएचडीलाच किंवा स्वतःच्या टर्मिनललाच एसट्रेस लावलात तर तिथे लूप लागतो, तेव्हा आउटपुट फाईलमध्ये पाठवा.

कर्नलच्या आत ट्रेसरचंच फंक्शन ट्रेस झालं तर मशीन लटकणार नाही का?

लटकलं असतं, म्हणून तिथे आधीपासून बंदोबस्त आहे, आणि हा वरच्या लूपपेक्षा वेगळा विषय आहे हे आधी समजून घ्या. वरचा लूप टर्मिनलला वळसा घालून येतो, हळू असतो, कंट्रोल-सीने मरतो. हा आतला रिकर्शन म्हणजे ट्रेसरने एक फंक्शन बोलावलं, त्या फंक्शनने परत ट्रेसरला बोलावलं, आणि क्षणात स्टॅक संपला.

एफट्रेस २००८ मध्ये कर्नल २.६.२७ मधून आलं. त्यात कंपायलर जवळपास प्रत्येक फंक्शनच्या सुरुवातीला एक हुक टाकतो. पहिला बंदोबस्त असा की कर्नलमधला ट्रेसिंगचा फोल्डरच तो हुक न टाकता कंपाईल होतो, आणि बाकीकडे जी फंक्शन धोक्याची आहेत त्यांवर नोट्रेस अशी खूण असते. पण ट्रेसरच्या कॉलबॅकमधून चुकून एखादं साधं फंक्शन बोलावलं गेलं तर? त्यासाठी प्रत्येक टास्कमध्ये काही बिट राखून ठेवलेत, साधा कोड, सॉफ्टआयआरक्यू (इंटरप्टचं मागे ठेवलेलं काम), आयआरक्यू (इंटरप्ट) आणि एनएमआय (अडवता न येणारा इंटरप्ट) अशा चार पातळ्यांसाठी वेगवेगळे. ट्रेसर आत शिरताना आपल्या पातळीचा बिट लावतो, बिट आधीच लागलेला दिसला तर काही न करता परत फिरतो. चार वेगळे का, तर साधा कोड ट्रेस होत असताना मध्येच इंटरप्ट आला तर तो रिकर्शन नाही, ती खरी नवीन घटना आहे आणि ती गाळली तर ट्रेस खोटा होईल. हा बारकावा मला फार महत्त्वाचा वाटतो.

केप्रोब, म्हणजे कर्नलच्या फंक्शनवर लावलेला नोंदीचा सापळा, त्याचंही तसंच, एका केप्रोबच्या हँडलरमध्ये असताना दुसरा लागला तर त्याचा हँडलर चालत नाही, फक्त चुकलेल्यांचा आकडा एकाने वाढतो. तो आकडा केप्रोब_प्रोफाईल या फाईलच्या शेवटच्या कॉलममध्ये दिसतो. केप्रोब आणि ट्रेसपॉइंटवरच्या बीपीएफ प्रोग्रॅमसाठीही प्रत्येक सीपीयूवर एक काउंटर असतो, त्या सीपीयूवर आधीच असा एक प्रोग्रॅम चालू असेल तर दुसरा गुपचूप वगळला जातो. म्हणजे संरक्षण मिळतं, पण नोंद जाते. आकडे जुळत नाहीत म्हणून डोकं धरून बसण्याआधी चुकलेल्यांचा आकडा बघा.

सन कंपनीच्या डीट्रेस या ट्रेसरने, त्यांच्या सोलारिस १० ऑपरेटिंग सिस्टीममध्ये, २००५ साली हे अजून साधेपणाने केलं होतं: ज्या फंक्शनचं नाव डीट्रेस_ ने सुरू होतं त्याला एफबीटी प्रोव्हायडर (कर्नल फंक्शन ट्रेस करणारा भाग) हातच लावत नाही, फक्त डीट्रेस_सेफ_ ने सुरू होणारी चालतात. आणि वापरणाऱ्यासाठी $पीआयडी असा मॅक्रो दिला जो डीट्रेस चालवणाऱ्या प्रोसेसचाच नंबर असतो, त्यामुळे पीआयडी != $पीआयडी एवढं लिहिलं की झालं. लिनक्सच्या सिस्टीमटॅप टूलमध्ये त्याच कामाला एसटीपी_पीआयडी फंक्शन आहे.

फाईलमध्ये लिहितोय, टूलही गाळलंय, तरी ब्लॉक आयओ (डिस्कवरचं वाचणं-लिहिणं) ट्रेसमध्ये भलतंच काहीतरी दिसतं.

कारण डिस्कवर प्रत्यक्ष लिहिणारा तुमचा टूल नसतोच. टूल पेज कॅशमध्ये (मेमरीत) लिहून मोकळा होतो, नंतर केवर्कर नावाचा कर्नल थ्रेड ते डिस्कवर नेतो, आणि नोंद लागते केवर्करच्या नावाने. इथे पीआयडी, कॉम, सीग्रुप यातला कुठलाच फिल्टर नीट चालत नाही आणि केवर्करलाच गाळलं तर तुमच्या डेटाबेसचं लिहिणंही गेलं. म्हणून ट्रेस फाईल मेमरीत ठेवा किंवा दुसऱ्या डिस्कवर, आणि ट्रेसमध्ये डिव्हाईस नंबरवर फिल्टर लावा.

ऑडिटडीमध्येही टूलला वगळावं का?

ऑडिटडी हा सिक्युरिटीच्या नोंदी लिहिणारा डीमन, त्याला स्वतःला कर्नल आधीच सोडून देतो, त्याच्यासाठी नियम लिहायची गरज नाही. पण त्याच्या पुढे जो लॉग उचलून दुसरीकडे पाठवतो तो एजंट सोडलेला नसतो, आणि नेमकं त्याच्याच फोल्डरवर तुम्ही लिहिण्याचा वॉच लावला असेल तर लूप तयार. नेव्हरचा, म्हणजे नोंदवू नको असा नियम बाकीच्यांच्या वर ठेवा कारण जो पहिला जुळतो तोच लागतो.

इथे मात्र जपून. परफॉर्मन्सच्या ट्रेसमध्ये फिल्टर ढिला राहिला तर कचरा येतो, सिक्युरिटीच्या ट्रेसमध्ये फिल्टर ढिला राहिला तर चोराला लपायला जागा मिळते. कॉमवर वगळलं तर कोणीही आपलं नाव एजंटचं ठेवून घेईल. एक्झिक्यूटेबलच्या पूर्ण पाथवर वगळा, तेही त्या एकाच सिसकॉलपुरतं आणि त्याच फोल्डरपुरतं, सरसकट नको. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, हल्ला करणाऱ्याला एजंटच्या प्रोसेसमध्येच शिरायला आवडतं.

विंडोजवर प्रोसेस मॉनिटर स्वतः दिसत नाही, म्हणजे तो स्वतःची नोंदच करत नाही का?

करतो, दाखवत नाही. त्याच्या डिफॉल्ट फिल्टरमध्ये प्रॉकमॉन (तो स्वतः), प्रोसेस एक्सप्लोरर, ऑटोरन्स, सिस्टीम अशी नावं आधीच वगळलेली असतात, पण तो फिल्टर दाखवण्यापुरता आहे, इव्हेंट साठवले जातातच आणि मेमरी खातात. खरंच टाकून द्यायचे असतील तर फिल्टर मेनूमध्ये ड्रॉप फिल्टर्ड इव्हेंट्स चालू करा. लपवणं आणि न नोंदवणं हा फरक कुठलंही टूल घेतलं की पहिल्यांदा तपासायचा.

मॅलॉक (मेमरी मागायचं फंक्शन) पकडणारी एलडी_प्रीलोड लायब्ररी (बाकीच्यांच्या आधी लोड होणारी) लिहिली, सुरू होताच क्रॅश होते.

अस्सल मॅलॉक शोधायला तुम्ही डीएलसिम (फंक्शनचा पत्ता शोधणारं फंक्शन) बोलावता, डीएलसिम आतून कॅलॉक (मेमरी मागायचं दुसरं फंक्शन) बोलावू शकतो, आणि कॅलॉक तुमचाच आहे. लॉग करायला प्रिंटएफ वापरलात तर तोही बफरसाठी मॅलॉक मागतो. उपाय नेहमीचा आहे: थ्रेड-लोकल एक खूण ठेवा, आत शिरताना लावा, आधीच लागलेली असेल तर नोंद न करता सरळ पुढे जा, अस्सल फंक्शन मिळेपर्यंतच्या मागण्या एका छोट्या स्टॅटिक बफरमधून भागवा, आणि लॉगसाठी थेट राईट वापरा. त्या स्टॅटिक बफरमधला पत्ता फ्री करायला आला तर ओळखून सोडून द्यायला विसरू नका, बहुतेक क्रॅश तिथेच होतात.

ॲपमध्ये ओपनटेलिमेट्री (ॲपच्या आतलं ट्रेसिंग) आहे, एक्सपोर्टरच्या (नोंदी बाहेर पाठवणाऱ्या भागाच्या) एचटीटीपी कॉलचेच स्पॅन (एकेका कामाच्या नोंदी) दिसतात.

तोच लूप, फक्त वरच्या मजल्यावर. स्पॅन पाठवायला एचटीटीपी कॉल केला, एचटीटीपी लायब्ररी इन्स्ट्रुमेंट केलेली आहे, म्हणून त्याचा स्पॅन झाला. पायथन आणि जावास्क्रिप्टच्या एसडीकेमध्ये कॉन्टेक्स्टमध्ये "आता ट्रेस करू नको" अशी खूण लावायची सोय आहे आणि त्यांचे तयार प्रोसेसर एक्सपोर्ट करताना ती लावतात. स्वतःचा एक्सपोर्टर लिहून दुसऱ्या थ्रेडवर पाठवत असाल तर खूण त्या थ्रेडवर आपोआप जात नाही, हातानं लावा.

फोल्डरवर लक्ष ठेवणारी स्क्रिप्ट स्वतःच्याच लॉगमुळे जागी होते.

लॉग त्या फोल्डरच्या बाहेर न्या, एवढंच. आयनोटिफाय (फाईल बदलल्याचं कळवणारी कर्नलची सोय) कोणी बदल केला ते सांगतच नाही त्यामुळे स्वतःला ओळखायचा मार्गच नाही. फॅनोटिफाय (तशीच दुसरी सोय) पीआयडी सांगतो, शिवाय इव्हेंटसोबत जो फाईल डिस्क्रिप्टर देतो त्यावरून वाचलं तर नवीन इव्हेंट होत नाही.

फिल्टर लावला म्हणजे ओव्हरहेड गेला ना?

नाही. फिल्टर तपासायला तरी प्रोब लागतोच, नोंद होत नाही एवढंच. बीपीएफचा खर्च बघायचा असेल तर कर्नल.बीपीएफ_स्टॅट्स_एनेबल्ड १ करा, मग बीपीएफटूल प्रत्येक प्रोग्रॅम किती वेळा चालला आणि किती नॅनोसेकंद खाल्ले ते दाखवतो. काम झालं की परत ० करा, कारण त्या मोजण्यालाही खर्च आहे. आणि रिपोर्टमध्ये टूलला गाळलंय हे लिहा, काय गाळलं तेही लिहा, वाचणाऱ्याला तो हक्क आहे.

लूप लागलाय, स्क्रीन थांबत नाहीये, आत्ता काय करू?

कंट्रोल-सी एकदाच दाबा आणि थोडं थांबा, टूल बहुतेक मेलेलं असतं, टर्मिनलमध्ये साचलेल्या ओळी येत असतात. तरीही थांबलं नाही तर दुसरं सेशन उघडून त्याला किल करा. बीपीएफट्रेसला किल -९ दिलं तरी चालतं, प्रोसेस मेली की तिचे डिस्क्रिप्टर बंद होतात आणि प्रोब सुटतात. शेवटी छापायचे मॅप मात्र गेले. एफट्रेसचं तसं नाही, ट्रेसएफएसमध्ये लिहिलेली सेटिंग कोणी मेलं तरी तशीच राहतात, कॅट मारला म्हणून ट्रेसिंग थांबलेलं नसतं. आधी ट्रेसिंग_ऑन मध्ये ० लिहा, त्याने बफरमध्ये लिहिणं थांबेल पण हुक चालूच राहतील, म्हणून मग इव्हेंट्सच्या एनेबल फाईलमध्ये ० आणि करंट_ट्रेसरमध्ये नॉप लिहा, आणि पीआयडीच्या फाईली रिकाम्या करा, नाहीतर उद्या दुसरं कोणी त्याच मशीनवर ट्रेस लावेल आणि तुमच्या जुन्या नंबरच्या फिल्टरमुळे त्याला काहीच दिसणार नाही.